डीव्हीचं (कौटुंबिक हिंसाचाराच्या केसचं) वकीलपत्र घेण्याआधी: काय विचारायचं आणि कोणत्या क्रमाने

तालुका कोर्टातले कौटुंबिक हिंसाचाराचे दहा अर्ज काढून वाचा. बहुतेकांत हाच परिच्छेद सापडेल: "लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस अर्जदारास चांगले नांदविले. त्यानंतर क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ, मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला." बाईचं नाव बदलतं, माहेरहून आणायच्या रकमेचा आकडा बदलतो, बाकी मजकूर कॉम्प्युटरमध्ये पडलेलाच असतो. मग उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, "नेमकं कुठल्या दिवशी?" आणि बाई आपल्याकडे बघते.

ही चूक पहिल्या भेटीतच होऊन गेलेली असते, मसुदा करताना ती फक्त कागदावर उतरते. आपण लग्नाच्या तारखेपासून विचारायला सुरुवात करतो, दहा मिनिटांत साचा भरतो आणि वकीलपत्रावर सही घेतो. क्रम असा हवा: आधी धोका, मग तिला काय हवंय, मग कायदा, मग पुरावा. नवे वकील, विधी सेवा समितीच्या पॅनलवरचे वकील आणि पॅरालीगल स्वयंसेवक यांच्यासाठी हे टप्पे लिहितोय.

## १. ती खुर्चीत बसण्याआधी

नावं आधी, हकिकत नंतर. नवरा, सासरा, दीर, गाव एवढंच विचारा आणि आपल्या डायरीत बघा. छोट्या तालुक्यात तिचा चुलतसासरा तुमच्या वाटपाच्या दाव्यातला पक्षकार निघू शकतो. त्याहून वाईट म्हणजे नवराच महिन्याभरापूर्वी "जरा सल्ला हवा होता" म्हणून तुमच्याकडे येऊन सगळं सांगून गेलेला असतो. अशा वेळी तिचं काहीही ऐकून न घेता दुसऱ्या वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. अर्धं ऐकून मग नाही म्हणालात तर दोन्ही बाजूंची गुपितं तुमच्याकडे राहतात, आणि तुम्ही कोणाच्याच कामाचे राहत नाही.

जागा. बार रूममधलं टेबल या कामाचं नाही. शेजारच्या टेबलावर तिच्या सासरच्या गावचं कोणी ना कोणी बसलेलं असतंच.

सोबत आलेली माणसं. वडील, भाऊ, मामा यांना बाहेर बसवायचं. "जरा बाहेर थांबा" म्हटलं की त्यांना अपमान वाटतो, म्हणून मी त्यांना झेरॉक्सला पाठवतो: रेशन कार्ड, आधार, लग्नपत्रिका, प्रत्येकी तीन प्रती. एकदा वडील वीस मिनिटं आवेशाने हुंड्याबद्दल बोलत होते आणि मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. वडील जिना उतरले आणि ती म्हणाली, "पैशाचं काही नाही हो वकीलसाहेब. तो रात्री उशी तोंडावर धरतो. हे दादांसमोर कसं सांगू?" वडिलांनी सांगितलेल्या हकिकतीवर अर्ज केला असता तर तो हुंड्याचा झाला असता, आणि पुढे तिच्याच साक्षीने पडला असता.

फोन. तुम्ही फोन केला तर कोण उचलेल, हे विचारा. सुरक्षित नंबर कोणाचा, किती वाजता करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हे ठरवून लिहून ठेवा. तिच्या व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून तिच्यासमोर बघा. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तिचं खातं चालू असल्याचं तिथेच कळतं. पण ते लगेच बंद करू नका. बंद केलं की त्याला संशय येतो, म्हणून आधी ती कुठे राहतेय ते बघा.

फी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नसते. हे तिला सांगणं आपलं काम आहे, मग आपली फी गेली तरी. १५१०० या हेल्पलाइनचा नंबरही द्या.

*तपासा: नावं पाहिली का? ती एकटी बोलली का? सुरक्षित नंबर लिहिला का? तिन्ही झाल्याशिवाय टप्पा २ नको.*

## २. आज रात्री ती कुठे झोपणार आहे?

माझा पहिला प्रश्न हाच असतो. तो असण्यामागे माझीच एक चूक आहे. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका बाईसाठी नवऱ्याला कडक भाषेत रजिस्टर नोटीस पाठवली. ती अजून सासरीच राहतेय हे मी विचारलंच नव्हतं. पोस्टमनने दुपारी नोटीस सासूच्या हातात दिली. रात्री दहाला ती लेकराला कडेवर घेऊन एसटी स्टँडवर बसली होती, पायात चप्पल नव्हती. नोटिशीचा मसुदा मात्र उत्तम होता.

सरळ, साध्या शब्दांत विचारा:

- कधी गळा दाबलाय का? तोंडावर उशी, कपडा?
- जिवे मारायची धमकी दिलीय का? ती खरी वाटते का?
- घरात कोयता, कुऱ्हाड, तणनाशकाची बाटली कुठे असते?
- मारहाण अलीकडे वाढलीय का? पोटुशी असताना मारलं का?
- निघून जाईन म्हटल्यावर तो काय म्हणाला?
- मुलांना कधी काही केलंय का? स्वतः जीव देईन असं तो म्हणतो का? तुमच्या मनात तसं येतं का?

गळा दाबल्याचं उत्तर "हो" आलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा. बाहेरून वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, हे विचारा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवा. अर्ज उद्या टाइप होईल.

धोका मोठा असेल तर ११२, महिलांसाठी १८१, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर किंवा संरक्षण अधिकारी. कुठे जायचं, कोण नेणार, सोबत कोणती पिशवी, हे ठरवा. पिशवीत मुलांचे जन्मदाखले, तिचं आधार, पासबुक, औषधं. दागिने राहिले तरी चालतील, ते कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १९(८) खाली मागता येतात (पुढे नुसतं "कलम" म्हटलं की ते याच कायद्याचं).

> सावधान: बाई घर सोडते त्या दिवसांत आणि सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला) नोटीस मिळते त्या दिवसांत धोका वाढतो. आपलंच काम धोका वाढवतंय हे लक्षात ठेवूनच तारखा ठरवा.

"मग इतकी वर्षं सोडून का नाही गेलात?" हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच आहे. पहिल्या भेटीत तो आपण विचारला तर ती पुढचं काही सांगत नाही.

## ३. तिला काय हवंय

"केस करायची" हे उत्तर नव्हे. काहींना नांदायचं असतं, फक्त मार थांबायला हवा असतो. काहींना वेगळी खोली आणि मुलांची फी हवी असते. काहींना फारकत. वडिलांना "त्याला आत टाका" हवं असतं, ते वेगळं.

हे आधी का? कारण चुकीचं दार आधी उघडलं तर बाकीची बंद होतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ (नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा), घाईत दाखल करून त्याच महिन्यात "मला त्याच घरात राहायचंय" म्हणणं कायद्याने शक्य आहे, पण प्रत्यक्षात त्या घराचं दार कोण उघडणार? ज्या बाईला घर हवंय तिला आधी कलम १२ चा अर्ज. हाड मोडलंय, पेटवायचा प्रयत्न झालाय, तिथे मात्र गुन्हा आधी. "आधी समुपदेशन करून बघू" हे तिथे ऐकायचं नाही.

तिचं उत्तर तिच्या शब्दांत एका ओळीत लिहा आणि फाईलच्या पहिल्या पानाला टाचा. पुढच्या दहा तारखांना ते बदलेल. बदललं की नवी ओळ, तारखेसह.

## ४. कायदा लागू होतो का

इथे पटापट जाता येतं, पण चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

नातं. २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सासरच्यांविरुद्ध अर्ज करू शकते. धर्माची अडचण नाही. लग्न न करता एकत्र राहिलेल्या बाईसाठी वेलुसामी (२०१०) आणि इंद्रा सर्मा (२०१३) हे निकाल वाचा. त्याची पहिली बायको हयात असेल तर तुमच्या बाईला ते ठाऊक होतं का, कधीपासून, हे आजच विचारा. ते उलटतपासणीत पहिल्यांदा कळता कामा नये.

घटस्फोट झालाय. म्हणून दार बंद होत नाही. संसार चालू असतानाच्या हिंसेबद्दल नंतरही दाद मागता येते, हे जुवेरिया पटनी (२०१४) निकालात आलंय.

जुन्या घटना. "वर्ष उलटलं, मुदत गेली" असं सांगून बायकांना परत पाठवणारे वकील मी पाहिलेत. कलम १२ च्या अर्जाला ती एक वर्षाची मुदत लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कामाच्ची (२०२२) प्रकरणात स्पष्ट केलंय. ४९८-अ किंवा ८५ च्या फिर्यादीला मात्र तीन वर्षांची मुदत बघा.

कोर्ट. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथल्या जेएमएफसीकडेही (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडेही) अर्ज चालतो. माहेर लातूरला आणि सासर ठाण्याला असेल तर तिला ठाण्याच्या खेपा घालायला लावू नका. गोव्यात लग्न नोंदलेलं असेल तर तिथल्या दिवाणी कायद्याने जोडप्याची मिळकत सामाईक धरली जाते. तो हिशेब वेगळा मांडा.

आणि सामनेवाले किती? जेवढे खरे तेवढेच. २०१६ च्या हर्सोरा निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो, म्हणून पुण्यातली नणंद, नाशिकचा मावससासरा, सगळ्यांची नावं घालायची सवय लागलीय. दारा लक्ष्मी नारायण (२०२४) सारख्या फौजदारी निकालांत कोर्टाने सरसकट नावं गोवण्यावर कडक शब्द वापरलेत. प्रत्येक नावापुढे एक कृती, एक ठिकाण आणि जमेल तितकी नेमकी तारीख लिहिता येत नसेल, तर ते नाव काढा.

## ५. घर कोणाच्या नावावर आणि ती तिथे कधी राहिली

सर्वात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक बायकांची खरी गरज छप्पर हीच असते.

घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून राहण्याचा हक्क नाही, असं अजूनही कोर्टात ऐकू येतं. तो बत्रा निकालाचा काळ होता. सतीशचंद्र आहुजा (२०२०) ने तो रद्द ठरवला. नातेवाइकाच्या मालकीचं घरही "सामायिक घर" असू शकतं, मात्र ती तिथे कुटुंबाची म्हणून राहिली हे दाखवावं लागतं. प्रभा त्यागी (२०२२) ने आणखी दोन गोष्टी मोकळ्या केल्या: अर्जाच्या वेळी ती तिथे राहत असायलाच हवी असं नाही, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा डीआयआर (घडलेल्या हिंसेचा अहवाल) नसला म्हणून अर्ज अडत नाही.

कागद हे आणा: गावचं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकत पत्रिका, शिवाय घरपट्टी, लाइट बिल, गॅसचं पुस्तक. तिचं नाव त्या पत्त्यावर कुठे लागलंय ते शोधा: रेशन कार्ड, मतदार यादी, मुलाच्या शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड. लसीकरणाचं कार्ड कोणी आणत नाही आणि तेच बऱ्याचदा कामी येतं. अंगणवाडी ताईने पत्ता आणि तारीख घालून दिलेला तो कागद असतो.

घराचा नकाशा तिच्याकडून हाताने काढून घ्या. किती खोल्या, दारं किती, संडास कुठे. "त्याच घरात एक खोली द्या" अशी मागणी करायची आणि घर एकखणी निघायचं, असं व्हायला नको. एकखणी असेल तर कलम १९(१)(फ) खाली दुसरी जागा किंवा भाडं मागा. सामनेवाल्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम सासू किंवा नणंदेविरुद्ध मिळत नाही, तो मागून वेळ घालवू नका.

> सावधान: सासू-सासरे प्रांत अधिकाऱ्यांकडे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली "सून बाहेर काढा" असा अर्ज करतात. तशी नोटीस आलीय का, विचारा. वनिता (२०२०) निकालाप्रमाणे त्या मार्गाने तिचा राहण्याचा हक्क मोडता येत नाही, पण तारखेला हजर राहून ते सांगावं लागतं.

## ६. तारखांची वही

"मारहाण कधी?" असं विचारलं की "नेहमीच" हे उत्तर येतं. कॅलेंडरच्या तारखा कोणालाच आठवत नाहीत. सण आठवतात, जत्रा आठवते. "पहिल्या दिवाळीला माहेरी आलात तेव्हा काय झालं होतं?" "मुलगा चालायला लागला होता का?" "कांदा काढणी चालू होती का?" अशा खुणांवरून महिना-वर्ष निघतं.

तीनच घटना सविस्तर घ्या: पहिली, सर्वात भयंकर आणि शेवटची. प्रत्येकीत जागा, वेळ, हातात काय होतं, कोण बघत होतं, नंतर कोणाला सांगितलं. बाकीच्या एका ओळीत. आणि फक्त मारहाण लिहू नका. पगाराचं एटीएम काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, किराण्याला पैसे न देणं ही आर्थिक हिंसा कलम ३ मध्ये आहे. लैंगिक हिंसेबद्दल पहिल्या भेटीत एकदाच, हळू आवाजात विचारा आणि थांबा. उत्तर पुढच्या भेटीत येतं.

*तपासा: तिची हकिकत तिला वाचून दाखवलीत का? तिच्या तोंडी नसलेला एकही शब्द त्यात नको. "क्षुल्लक" हा शब्द ती कधी वापरते का?*

## ७. पुरावा: आहे काय, मिळेल काय

दवाखाना. केसपेपरवरचा "कशामुळे" हा रकाना आधी वाचा. नवरा सोबत होता म्हणून तिथे "बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या" असं लिहिलेलं असतं. ते लपवू नका. त्या दिवशी सोबत कोण होतं हे अर्जातच सांगा.

पोलीस. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली असेल तर तिची प्रत काढा. भरोसा सेल किंवा महिला कक्षातले अर्ज, तिथे लिहून दिलेली "यापुढे त्रास देणार नाही" अशी हमी, हा कागद सोन्यासारखा.

मोबाइल. स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडून काम संपत नाही. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र मागणारं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३(४) आहे, म्हणजे जुनं ६५-ब. प्रमाणपत्राशिवाय अंतिम पुराव्यात अडचण येते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका, हे तिला लिहून द्या. भाऊ हौसेने ऑडिओ "क्लिअर" करून आणतो, त्याला हात लावू देऊ नका.

स्त्रीधन. यादी प्रत्येक वस्तूची: गंठण किती ग्रॅम, पाटल्या कोणी घातल्या, पावती कोणाच्या नावावर, शेवटचं कोणाच्या कपाटात पाहिलं. पावती नसेल तर लग्नाचे फोटो. फोटोत गळ्यात दिसलेली ठुशी सासरच्यांना नाकारता येत नाही.

## ८. त्याची कमाई

नवऱ्याचं म्हणणं (लेखी उत्तर) दाखल होतं त्यात तो नेहमी शेतमजूर असतो आणि मालकी सगळी बापाची. म्हणून आजच शोधा: प्रत्येक गावचा त्याचा ८-अ (जमिनीचा खातेउतारा), कारखान्याला गेलेल्या उसाचं बिल, डेअरीचं दहा दिवसांचं दुधाचं बिल, ट्रॅक्टर किंवा टेम्पोची नोंद, नोकरी असेल तर मालकाचं पूर्ण नाव-पत्ता. कलम २०(६) प्रमाणे पोटगी थेट मालकाकडून वळती करून मागता येते.

रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) पासून दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. तिचंही. ती शिवणकाम करून महिन्याला तीन हजार मिळवत असेल तर ते लिहा. लपवलेले तीन हजार पुढे तीस हजारांची पोटगी बुडवतात. दुसऱ्या कोर्टात पोटगी मिळत असेल तर तेही सांगायचं.

## ९. आधीचे कागद आणि अर्जाचा आराखडा

विचारा: त्याने घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा लावलाय का? शंभराच्या स्टॅम्पवर कुठे सही केलीय का? पंचांसमोर फारकत लिहून दिलीय का? कोऱ्या कागदावर? बायका हे शेवटी सांगतात, दारात उभ्या राहून.

मग मागण्या निवडा: संरक्षण १८, निवास १९, पैसा २०, मुलं २१, भरपाई २२. पाचही कलमं सरसकट घालून "योग्य तो हुकूम व्हावा" लिहिलं की न्यायाधीशांना नेमकं काय द्यायचं तेच कळत नाही. टप्पा ३ मधली ओळ बघा आणि त्याप्रमाणे रक्कम, खोली, अंतर लिहा.

कलम २३ चा अंतरिम अर्ज त्याच दिवशी, फॉर्म ३ मधल्या शपथपत्रासह. तो "नंतर देऊ" म्हणून राहतो आणि सहा महिने नोटीस बजावण्यात जातात. तिचा सध्याचा पत्ता सामनेवाल्याला कळणं धोक्याचं असेल तर तो अर्जात न घालण्याची कोर्टाकडे परवानगी मागा. सुनावणी बंद दाराआड हवी असेल तर कलम १६.

## १०. घ्यायचं की नाही, आणि लिहून काय द्यायचं

नाही म्हणण्याची कारणं थोडी आहेत: हितसंबंध, वेळ नसणं, किंवा तिने स्वतः खोटं लिहायला सांगणं. "पुरावा कमी आहे" हे त्यात नाही. चार भिंतींच्या आतली गोष्ट आहे, तिची सुसंगत साक्ष हाही पुरावाच. नाही म्हणालात तर दुसरं दार दाखवूनच पाठवा.

हो म्हणालात तर एक पान मराठीत, साध्या भाषेत: आपण कोणता अर्ज करतोय, काय मागतोय, फी किती, पुढची तारीख कोणती, फोन कोणत्या नंबरवर. साठ दिवसांत निकाल लागेल असं सांगू नका. कायदा तसा प्रयत्न करायला सांगतो, पण बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) रोज किती लांब असतो ते तुम्हाला माहीत आहे. संरक्षण हुकूम मोडला तर कलम ३१ चा गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा हुकमाची सही-शिक्क्याची प्रत तिच्याजवळ आणि पोलीस ठाण्यातही हवी. पोटगी थकली तर वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, हेही आजच सांगा.

ते पान ती घरी नेऊ शकते का, हे विचारा. सासरीच राहत असेल तर ते तिच्या बहिणीकडे ठेवायला द्या. आणि नोटीस कोणत्या दिवशी बजावली जाणार हे संरक्षण अधिकाऱ्याकडून कळलं की त्या दिवशी दुपारी ठरलेल्या नंबरवर फोन करून पुन्हा तोच प्रश्न विचारा: आज रात्री कुठे झोपणार आहात?